बियास कुंड आणि भोवतालची शिखरं: गोव्यातनं जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की फोंडा, डिचोली, वाळपई, मडगाव सगळीकडनं तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे सगळं मनालीच्या वरच्या बियास कुंडाबद्दल आहे, म्हणजे तलावापर्यंतचा ट्रेक आणि तलावाला घेरून जी शिखरं उभी आहेत त्यांचे मार्ग. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा: तलावापर्यंत आपण चालत जातो, शिखरावर चढाई करावी लागते, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि दोन्हीकडे आपल्यासारख्या समुद्रकाठच्या माणसानं उंचीला वेळ द्यायलाच पाहिजे.

बियास कुंड नेमकं कुठे आहे? तिथं बघायला काय आहे?

हिमाचलात कुल्लू जिल्ह्यात, मनालीहून सोलंगला जायचं, तिथनं पुढे धुंडी, मग बकरथाच आणि त्याच्या वर कुंड. उंची साधारण ३,७०० मीटर. बियास नदीचा उगम इथला मानतात, रोहतांगजवळ व्यास ऋषींच्या नावाचं आणखी एक स्थान आहे, तिथलाही उगम मानतात, त्यामुळे तिकडे गेल्यावर दोन्ही ऐकायला मिळेल. वेदातली विपाशा ती हीच नदी, पुढे कुल्लू, मंडी करत पंजाबात हरिकेला सतलजला मिळते.

आता खरं सांगायचं तर कुंड लहान आहे. फोटोत बघून मोठा निळाशार तलाव डोक्यात घेऊन गेलात तर पहिल्या मिनिटाला मन खट्टू होईल, मेमध्ये तर बर्फाखालीच असतं पुष्कळदा. पण मान वर केली की हनुमान टिब्बा, शितीधर, फ्रेंडशिप ही सगळी शिखरं एकदम अंगावर येतात, वितळणारं बर्फ चारी बाजूंनी ओघळत खाली येताना दिसतं आणि मग कळतं की इथं कशासाठी यायचं. म्हादई कुठनं येते ह्याच्यावर आपण गोव्यात इतकी वर्षं बोलतोय ना, तसल्याच एका नदीचा जन्म समोर बघायला मिळतो, मला तरी हे फार मोठं वाटतं.

गोव्यातनं जायचं कसं?

ट्रेनने जायचं तर मडगावहून गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते, पण ती रोज नाही, ठरावीक दिवशीच आहे, त्यामुळे आधी ट्रेनचा दिवस बघा आणि मग रजा टाका, उलटं करू नका. नाहीतर मंगला किंवा राजधानीनं दिल्ली गाठायची. रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं बघता बघता जातात. विमानानं दाबोळी किंवा मोपावरनं दिल्ली, पुढे रात्रीची व्होल्वो पकडली की सकाळी उशिरापर्यंत मनाली. चंदीगडहून मनाली रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कीरतपूरपासूनचा रस्ता आता पुष्कळ सुधारलाय, तरी घाट तो घाट, वळणांनी उलटी होणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवावी.

विमानानं येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काल संध्याकाळी मिरामारला होता आणि आज दुपारी दोन हजार मीटरवर मनालीत, हा बदल शरीराला कळायला वेळ लागतो. पोचल्या दिवशीच धुंडीला टेंट लावायला जाऊ नका.

एकूण दिवस किती धरायचे?

मनालीत पूर्ण एक दिवस, ट्रेकचे तीन, आणि वर एक दिवस हवामानासाठी शिल्लक. त्यात गोव्याहून जायचे यायचे दिवस मिळवा. पहिला दिवस मनालीत लोळत नका काढू, जुन्या मनालीपर्यंत चाला, वसिष्ठहून जोगिनी धबधब्यापर्यंत जाऊन या, हिडिंबेचं देऊळ बघा, १५५३ मधलं आहे आणि भोवतीची देवदारांची राई तर बघण्यासारखीच. चालणंही होतं आणि शरीर उंचीला लागतं.

दुसऱ्या दिवशी गाडीनं सोलंग किंवा धुंडी आणि तिथनं चालत बकरथाच. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर कुंड करून परत बकरथाचला मुक्कामाला, चौथ्या दिवशी खाली. काही जण धुंडीहून एका दिवसात कुंड करून संध्याकाळी मनालीत येतात, होतं ते, नाही असं नाही, पण गोव्याहून इतकं लांब येऊन धापा टाकत तलावाला हात लावून पळायचं, कशासाठी? बकरथाचच्या कुरणात दोन रात्री काढा. गद्दी लोकांचे शेळ्यामेंढ्यांचे कळप उन्हाळ्यात तिथं वर येतात, त्यांचे मोठे केसाळ कुत्रे असतात, रात्री कळपाच्या जवळ जाऊ नका एवढंच.

रस्ता कसा आहे? कठीण का?

धुंडीपासून बकरथाचपर्यंत नदीच्या कडेनं सावकाश चढ, गवत, मोठमोठे दगड, मधे ओढे. धुंडीजवळच अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे, नऊ किलोमीटरचा तो बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यामुळे सुरवातीला गाड्यांचा आवाज येतो, तासाभरात तो मागं पडतो.

बकरथाचच्या वर मात्र खरा चढ लागतो. हिमनदीनं ढकलून आणलेल्या दगडगोट्यांचा ढीग आहे हा सगळा, इंग्रजीत मोरेन म्हणतात तो, आणि त्यातले दगड हलतात. आपल्याकडं सह्याद्रीत कातळावर पाय टाकला की तो टाकला, इथं प्रत्येक पाय आधी चाचपून मग वजन द्यायचं. उतरताना जास्त सांभाळा, घोटे मुरगळतात ते उतरतानाच. काठी दोन घ्या, एक नको.

ओढ्यांचं एक गणित लक्षात ठेवा. सकाळी पाणी कमी असतं, ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर तोच ओढा गुडघ्याच्या वर येतो. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारी परत कॅम्पवर यायचं. ढगसुद्धा बहुतेक दुपारीच भरतात.

कधी जावं? पावसात चालेल का, आपण तर पावसातच ट्रेक करतो

हे नक्की विचारतात आणि उत्तर नेहमी एकच, नाही. गोव्यात पाऊस पडला की आपण धबधबे बघायला बाहेर पडतो, इथं पाऊस म्हणजे दरडी आणि पूर. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला तेव्हा कुल्लू-मनालीचा हायवे जागोजागी वाहून गेला होता, हजारो टुरिस्ट अडकले. जुलै ऑगस्ट सोडाच.

राहिले दोन सीझन. मेच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बर्फ असतं, वरच्या टप्प्यात बर्फावरनं चालावं लागतं, ज्यांनी कधी बर्फ बघितलं नाही त्यांना ह्याचंच वेड असतं. आपल्याकडं मृग लागला तरी तिकडं पाऊस पोचायला अजून थोडे दिवस असतात, ते दिवस चांगले. दुसरा सीझन सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हवा स्वच्छ, शिखरं लख्ख दिसतात, कुंड उघडं असतं, रात्री थंडी मात्र कडक. आता आपल्याकडं चवथ असते, कधी ऑगस्टच्या शेवटी कधी सप्टेंबरच्या मध्याला, आणि चवथीला घर सोडून कोण जाणार. म्हणून विसर्जन आटपलं की लगेच निघायचं असा हिशेब गोव्याच्या लोकांना बरोबर बसतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट.

उंचीचा त्रास खरंच होतो का? मी रोज जिमला जातो / रोज दहा किलोमीटर पळतो

होतो, आणि जिमला जाणाऱ्यालाही होतो. फिटनेस आणि उंची सोसणं ह्यांचा थेट संबंध नाही, उलट फिट माणूस जोरात चढतो आणि त्याला आधी त्रास होतो असं पुष्कळदा दिसतं.

थोडं समजून घ्या म्हणजे भीतीही जाईल आणि निष्काळजीपणाही. गोव्यातलं सर्वात उंच ठिकाण सत्तरीतला सोंसोगड, तो ११६६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यात कुठंही गेलात तरी शरीराला उंची अशी कळतच नाही. बियास कुंडापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण दाब कमी म्हणून एका श्वासात मिळतो कमी. मग शरीर श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, लघवी जास्त होते, हळूहळू जुळवून घेतं. ह्या जुळवण्याला दिवस लागतात, पैसे देऊन ते लवकर होत नाही.

साधारण २,५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं, अंगात बळ नसल्यासारखं वाटणं. डोकेदुखीच्या जोडीला ह्यातलं काही असेल तर उंचीचाच त्रास समजायचा, दुसरं काही सिद्ध होत नाही तोपर्यंत. ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, काल रात्रीचं राजमा बाधलं असेल असली कारणं शोधत बसू नका. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी बघू, वाढलं तर खाली.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत, त्या सगळ्या ग्रुपला पाठ पाहिजेत. एक, बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घरघर येते, गुलाबी फेस पडतो: फुफ्फुसात पाणी भरतंय. दोन, माणूस बरळतो, झिंगल्यासारखा चालतो: मेंदूला सूज येतेय. तपासायचा साधा उपाय, त्याला सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगा, तोल गेला तर समजायचं. दोन्हीला इलाज एकच, तसंच्या तसं खाली उतरवायचं, रात्र असली तरी, सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन आणि औषध असेल तर द्या पण उतरवणं थांबवू नका. बकरथाचहून धुंडीला उतरता येतं आणि तिथनं गाडी मिळते, मनालीत लेडी विलिंग्डन हॉस्पिटल आहे, ही ह्या ट्रेकची मोठी जमेची बाजू. बाकीच्या कितीतरी हिमालयन लेक्सना ही सोय नाही.

नियम एवढाच: ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा वर जाऊन परत खाली झोपायला आलात तर उत्तमच. आणि दारू नाही. घरची काजूची फेणी कुणाला तरी दाखवायला नेतात, ती मनालीतल्या हॉटेलात ठेवून वर चला, ट्रेक झाल्यावर बघा.

डायमॉक्स घ्यावी का?

ही उंचीचा त्रास टाळायची गोळी, डॉक्टरांना विचारून. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं देतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगायचं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, त्याला घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणजे पळत सुटायला मोकळे असं होत नाही, चढ हळूच ठेवायचा.

गोव्यात तयारी कुठे करायची?

दोन अडीच महिने आधी सुरू करा. दम वाढवायला पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर बेस्ट, साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, सकाळी लवकर पाठीवर सात आठ किलोची सॅक घेऊन वर, दर्शन घ्यायचं आणि खाली, आठवड्यातनं दोनदा जमलं तर फारच छान. रविवारी सत्तरीतली मोठी चाल ठेवा, चोर्ल्याकडची पठारं, वाघेरी, जमलं तर सोंसोगड. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते ती आधी काढा. पणजीत राहणाऱ्यांना जिने आहेतच, आल्तिनोचा चढ आहे. उतरायचा सराव विसरू नका, मांड्या उतरतानाच भरून येतात.

आणि मेमधल्या आपल्या उकाड्यात सराव करत असाल तर दुपारी नको, उगाच घामानं गळून जाल, सरावाचा फायदा काही नाही.

बूट, कपडे काय लागतात? इथं गोव्यात लोकरीचं काही मिळतच नाही

जाड जॅकेट, ग्लोव्ज, क्रॅम्पॉन्स (बर्फावर चालायला बुटाखाली बांधतात ते लोखंडी दात) असलं सगळं मनालीत भाड्यानं मिळतं, त्यावर गोव्यात पैसे घालू नका. बूट मात्र स्वतःचे आणि वापरून मऊ झालेले पाहिजेत.

बुटांबद्दल जरा जास्त लिहितो कारण हा प्रकार आपल्याकडंच जास्त होतो. चांगले महागाचे ट्रेकिंग बूट एकदा वापरून कपाटात ठेवले, दोन तीन पावसाळे गेले, बाहेरनं बघितलं तर अगदी नवे. पण बुटाच्या तळव्यात जो फोमचा थर असतो तो पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेतल्या बाष्पानं आतल्या आत खचत जातो, वापरला नाही तरी, खरं म्हणजे न वापरल्यानं जास्तच. मग धुंडीच्या पुढे तासाभरात सोल टाळ्या वाजवायला लागतो आणि दुपारपर्यंत हातात येतो. निघायच्या आधी निदान दोन आठवडे ते बूट घालून रोज चाला, सोल वाकवून बघा, कडेला अंगठ्यानं दाबा, भुगा पडला किंवा भेगा दिसल्या तर टाकून द्या, फेविक्विकनं काही होत नाही. स्लीपिंग बॅगेलाही बुरशीचा वास येत असेल तर आधी दोन दिवस ऊन दाखवा.

कपडे थरांचे. अंगाला लागून सिंथेटिक किंवा मेरिनो, त्यावर फ्लीस, त्यावर डाउनचं जॅकेट, सगळ्यात वर वारापावसाला अडवणारं. सुती बनियन, जीन्स नको, घामानं ओलं झालं की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा डिग्रीनं उतरतं, मनालीत दुपारी टीशर्टवर फिरलात म्हणून वर तसंच असेल असं नाही.

गॉगल साधा फॅशनचा नको, यूव्ही अडवणारा. ताजं बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत किरणं परतवतं, एका दिवसात डोळे लाल होऊन उघडेनासे होतात. आपल्याला उन्हाची सवय आहे असं म्हणू नका, ते ऊन वेगळं. नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा, बर्फावरनं ऊन खालनं येतं.

जेवणाचं काय? मासे नाहीत ना वर?

नाहीत. डाळ, भात, चपाती, बटाटा, अंडी, मॅगी. तरी काही जण उकड्या तांदळाची पिशवी घेऊन येतात पेजेसाठी, मन कळतं मला, पण बकरथाचला पाणी ८९ डिग्रीच्या आसपासच उकळतं, उघड्या टोपात उकडा तांदूळ शिजता शिजत नाही आणि गॅस सगळा संपतो. पेज हवीच असेल तर कुकर असलेल्या कॅम्पला आधी विचारून ठेवा किंवा भाजून दळलेलं पीठ घेऊन जा, नाचण्याचं सत्त्व उत्तम, गरम पाण्यात पाच मिनिटांत होतं. आंब्याचं लोणचं एक बरणीभर न्या, वर भूक मरते तेव्हा तेवढ्यानं दोन घास जातात.

पाणी दिवसाला तीन चार लिटर. ओढ्याचं पाणी उकळून किंवा गोळी टाकून, वर कळप चरतात हे विसरू नका.

फ्रेंडशिप पीक हा ट्रेकच आहे ना? जाहिरातीत "नवशिक्यांसाठी" लिहिलंय

ह्या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

फ्रेंडशिप पीक ५,२८९ मीटर आहे. बियास कुंडाच्या परिसरातनंच वर जायचं, बकरथाच, मग लेडी लेग नावाचा कॅम्प, त्याच्या वर शिखराचा कॅम्प, आणि तिथनं मध्यरात्री एक दोनच्या सुमाराला निघून सकाळी माथा. मध्यरात्री का, तर बर्फ तेव्हा घट्ट असतं, क्रॅम्पॉनचे दात नीट धरतात आणि हिमकडे सुटायची भीती कमी. ऊन चढलं की तेच बर्फ भुसभुशीत होतं, मांडीपर्यंत पाय जातो, भेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे होतात. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याला जरासा जास्त, एवढाच.

हे गिर्यारोहण आहे. दोराला एकमेकांना बांधून चालता आलं पाहिजे. घसरलात तर आईस ॲक्स बर्फात रुतवून स्वतःला थांबवता आलं पाहिजे, आणि ते विचार न करता, कारण विचार करायला वेळ मिळत नाही. क्रॅम्पॉन घालून उतारावर पाय कसे टाकायचे, आधीच बांधून ठेवलेल्या फिक्स दोरावर जुमार (दोराला पकडून धरणारी कडी) कशी सरकवायची, हे सगळं आधी हाताला पायाला माहीत पाहिजे. एजन्सी वर एका दुपारी शिकवते, ते उजळणी म्हणून ठीक आहे, पण पहिल्यांदाच शिकायला पुरेसं नाही असं मी ठामपणे म्हणेन. हिमकडे अनुभवी लोकांनाही सोडत नाहीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची शिकाऊ तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमकड्यात सापडली, २९ जण गेले, आणि ती तर नावाजलेली संस्था, सोबत प्रशिक्षक होते. सोलंग धुंडीच्या खोऱ्यातसुद्धा हिवाळ्यात हिमकडे कोसळतातच, म्हणून तर धुंडीला बर्फाचा अभ्यास करणारं सरकारी केंद्र आहे.

नवशिक्यानं जाऊच नये असं म्हणत नाही. पण तलाव करून बघा, परत या, तयारी करा, मग जा. आधी निदान एकदा चार हजार मीटरच्या वर रात्र काढलेली असू दे. पैकेजमध्ये सात आठ दिवसांपेक्षा कमी दिवस दाखवत असतील तर तिथंच नाही म्हणा.

मग माथा गाठायचाच असेल तर सोपं काही आहे?

आहे की. सोलंगच्या वर पतालसू आहे, ४,२०० मीटरच्या आसपास. बर्फ नसलेल्या दिवसात दोर, क्रॅम्पॉन काही लागत नाही, चढ मात्र दमवतो. सोलंगहून जंगलातनं आणि मग गवताळ उतारांवरनं जायचं, वरनं बियास कुंडाची सगळी बाजू समोर उघडते. गोव्याच्या ग्रुपला पहिलं शिखर म्हणून मी हेच सांगतो. तलावच हवा आणि जरा उंच हवा तर गुलाबाकडनं भृगू लेक, तो ४,२०० च्या वर, म्हणजे बियास कुंडापेक्षा बराच उंच, तरी लोक मनालीत उतरून दुसऱ्याच दिवशी तिकडं धावतात आणि डोकं धरून बसतात.

हनुमान टिब्बा, शितीधर वगैरे?

शितीधर ५,२०० च्या वर, फ्रेंडशिपच्या जोडीचं, पण चढ अंगावर येणारा. हनुमान टिब्बा ५,९०० च्या वर, तो पूर्ण वेगळा मामला, मोठी मोहीम, तेंटू खिंडीच्या बाजूनं जातात, दगड कोसळायची भीती, लांबलचक बर्फाचे उतार. १९१२ मध्ये चार्ल्स ब्रूसच्या मोहिमेतल्या हाइनरिश फ्युरर नावाच्या स्विस गाईडनं तो पहिल्यांदा केला, तेव्हाचे युरोपियन लोक त्याला सोलंग वाइसहॉर्न म्हणायचे. बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही कोर्स झालेल्यांनीच ह्याचा विचार करावा.

कोर्स कुठे करायचा?

मनालीतच, अलेओला, अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे, १९६१ पासून चालू आहे, आणि त्यांच्या तुकड्या सोलंग, बकरथाच, बियास कुंड ह्याच भागात सराव करतात. उत्तरकाशी आणि दार्जिलिंगच्या संस्थाही तेवढ्याच चांगल्या. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. सरकारी संस्था असल्यामुळे फी खाजगी मोहिमेच्या मानानं खूप कमी आणि शिकणं पक्कं, फक्त सीट लवकर भरतात, वर्षभर आधी फॉर्म बघायला लागा. कॉलेजमधल्या मुलामुलींना तर मी हात जोडून सांगतो, फ्रेंडशिपच्या पैकेजला जे पैसे घालणार आहात ते कोर्सला घाला.

एजन्सी कशी निवडायची? एकटं गेलं तर?

कुंडापर्यंतची वाट मळलेली आहे, सीझनमध्ये माणसं असतात, तरी पहिल्यांदा जाणाऱ्यानं लोकल गाईड घ्यावा, ढग उतरला की मोरेनमध्ये वाट सापडत नाही. एकट्यानं नको.

एजन्सीला विचारायचे प्रश्न लिहून घ्या. गाईडनं कुठला कोर्स केलाय, किती माणसांमागे एक गाईड, ऑक्सिजन सिलिंडर बरोबर असतो का, कुणी आजारी पडला तर त्याला खाली कोण घेऊन जाणार आणि बाकीच्यांबरोबर कोण राहणार. ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरी एजन्सी बघा. शिखरासाठी असेल तर परवानगीचे कागद दाखवायला सांगा. आणि वरून परत फिरायची वेळ आधीच ठरवा, सकाळी अमुक वाजले की माथा पन्नास मीटरवर असला तरी वळायचं, हे खाली गरम चहा पिताना सगळ्यांसमोर बोलून ठेवा, वर गेल्यावर डोकं नीट चालत नाही.

माझी आई ५८ वर्षांची आहे, रोज चालते. येऊ शकेल का? आणि मुलं?

येऊ शकेल, वयापेक्षा चालायची सवय महत्त्वाची. बीपी, शुगर, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांची परवानगी, आणि रोजच्या गोळ्या सॅकच्या आत, खेचरावर लादलेल्या बॅगेत नकोत. त्यांच्यासाठी बकरथाचला एक दिवस जास्त ठेवा. कुंडापर्यंत नाही गेल्या तरी बकरथाचचं कुरण स्वतःच इतकं सुंदर आहे की काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. दहा बारा वर्षांच्या पुढची मुलं आरामात करतात, फक्त लहान मुलं डोकं दुखतंय असं नीट सांगत नाहीत, चिडचिड करतात, खात नाहीत, तेच लक्षण धरायचं.

बायकांना काही अडचण?

पाळी उंचीवर मागेपुढे होते, म्हणून तारीख नसली तरी सामान ठेवा, आणि वापरलेले पॅड जाड पिशवीत गुंडाळून खाली आणा, पुरू नका. टॉयलेट टेंट असतो. तो लांब म्हणून पाणी कमी प्यायचं असं पुष्कळजणी करतात, ते करू नका ताई, त्यानंच उंचीचा त्रास वाढतो.

कुंडात आंघोळ केली तर चालते का?

नका करू. तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, आपण आपल्या देवळाच्या तळीत साबण लावून उतरत नाही, तसंच. आणि पाणी वितळलेल्या बर्फाचं आहे, आत गेलं की श्वास अडकतो, हातपाय आखडतात, बाहेर काढायला माणूस लागतो. हात पाय धुवा, डोळ्यांना लावा. शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, खड्डा करून, आणि टिश्यू परत आणायचे. चॉकलेटचा कागदसुद्धा खिशात. हेच पाणी पुढे अख्खं खोरं पितं.

फोन लागतो का? घरी काय सांगून जाऊ?

सोलंगपर्यंत लागतो, धुंडीला कधी लागतो कधी नाही, बकरथाचच्या पुढे धरून चालू नका. निघताना घरी एका कागदावर लिहून द्या: कुठल्या दिवशी कुठं मुक्काम, गाईडचा आणि एजन्सीचा नंबर, सोबत कोण कोण, आणि परत फोन कधी येईल. त्यात एक दिवस जास्तीचा धरा, नाहीतर संध्याकाळी सातला फोन नाही आला की घरची माणसं घाबरून जातात. ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंतही काही कळलं नाही तर आधी एजन्सीला फोन करायचा आणि मग मनाली पोलिसांना, हेही त्याच कागदावर लिहा. ११२ हा नंबर जिथं कुठलंही नेटवर्क असेल तिथनं लागतो, आपल्या सिमची रेंज नसली तरी. थंडीत फोनची बॅटरी भसाभस उतरते, रात्री तो स्लीपिंग बॅगेत अंगाजवळ घेऊन झोपा, पॉवरबँकसुद्धा.